‘अशी आमची आशा होती’: विश्वास आहे, पण जगण्याचा हेतू सापडत नाही

उंबरठा (धागाकर्ती)

हा धागा काढावा की काढू नये, याचा मी जवळजवळ महिनाभर विचार करत होते. माझे यजमान जाऊन आता १४ महिने झाले. त्यापूर्वीची अडीच वर्षे ते आजारी होते, आणि खरे सांगायचे तर त्या अडीच वर्षांत आपण कशासाठी जगतो आहोत असा प्रश्न मला एकदाही पडला नाही, कारण औषधांच्या वेळा, कूस बदलणे, रात्रीचे जागरण यांतून तो पडायला सवडच नव्हती. रात्री ९ वाजताच्या गोळीसाठी मोबाइलवर लावलेला गजर अजून रोज वाजतो. मी उठून तो थांबवते आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसते. तो कायमचा काढून टाकावा म्हणून दोनदा बोट तिथपर्यंत नेले आणि दोन्ही वेळा मागे घेतले.

माझा विश्वास गेला, असे नाही. प्रभू येशू मेलेल्यांतून उठला, हे मी आजही मनापासून खरे मानते, दर रविवारी उपासनेला जाते, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ मोडलेली भाकर आणि द्राक्षारस) घेते. परंतु घरी प्रार्थनेला बसले की ‘हे स्वर्गीय पित्या’ या शब्दांपुढे काही येतच नाही. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, लोकांनी मला खूप जीव लावला, आणि तरीही त्यांच्यातल्या चौघांनी चार वेगवेगळ्या दिवशी यिर्मया २९:११ (देव ‘भविष्य आणि आशा’ देईल, हे बायबलमधले वचन) छापलेले तेच कार्ड आणून दिले, तेव्हा मला रडूही आले आणि हसूही. पूर्वी स्त्रियांच्या प्रार्थनासभेत अशी कार्डे वाटण्याचे काम माझ्याकडेच होते, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

लूकच्या शुभवर्तमानातल्या २४व्या अध्यायात येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरचे त्याचे दोघे शिष्य सोबत चालणाऱ्या अनोळखी माणसाला (तो उठलेला येशूच असतो) त्याच्याविषयी म्हणतात, ‘अशी आमची आशा होती.’ इतकी वर्षे वाचूनही त्या ‘होती’कडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. सध्या मी त्या एका क्रियापदात राहते आहे.

माझे विचारणे दोन गोष्टींविषयी आहे. प्रार्थना सुचत नसताना तुम्ही काय केले? आणि ज्याच्यासाठी दिवस उगवत होता ते माणूसच उरले नाही, तेव्हा देवाने आपल्याला कशासाठी मागे ठेवले, हे तुम्हाला कसे कळले? ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य कृपया कोणी लिहू नये, ही नम्र विनंती.


मधुमालती

उंबरठाताई, तुमचे वाचून मन भरून आले. तुम्ही नको म्हटलेले वाक्य मी लिहीत नाही, पण रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातले २८वे वचन मला माझ्या वाईट काळात फार उपयोगी पडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. सर्व गोष्टी मिळून देवावर प्रीती करणाऱ्यांच्या कल्याणासाठी काम करतात, असे ही पत्रे लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. सुटी सुटी प्रत्येक गोष्ट चांगली असते, असे तो म्हणत नाही, हे मला उशिरा समजले. तुमच्यासाठी आज प्रार्थना केली आहे. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर सध्या आमचे चालवून घ्या.


जुनी वही

धागाकर्तीने ज्या कार्डाचा उल्लेख केला आहे, त्यापासूनच सुरुवात करतो, कारण मला वाटते त्या वचनावर आपण सर्वांनी मिळून थोडा अन्याय केला आहे.

यिर्मयाचा २९वा अध्याय हे एक पत्र आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना ते लिहिले गेले. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल. ऐकायला किती बरे वाटले असेल! यिर्मया त्याला खोटा ठरवतो आणि पत्रात ७० वर्षांचा आकडा लिहितो. म्हणजे ते पत्र हातात पडलेल्या बहुतेक प्रौढ माणसांना घर पुन्हा दिसणार नव्हते. ११व्या वचनातली ‘भविष्य आणि आशा’ ही अशा माणसांना सांगितलेली आहे. आणि तोवर करायचे काय, तर घरे बांधा, मळे लावा, त्यांचे उत्पन्न खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात तुम्हाला नेऊन टाकले आहे त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. सगळे लवकरच ठीक होईल, असे आश्वासन देणारे कार्ड छापायचेच असेल तर त्यावर खरे म्हणजे हनन्याचे वाक्य शोभेल.

आता प्रार्थनेविषयी. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. उपासनेत मात्र आपण बहुधा स्तुतीचीच निवडतो, त्यामुळे दुःखात असलेल्या माणसाला वाटते की आपली भाषा देवापुढे चालत नाही. १३वे स्तोत्र पाहा: पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि तो देवालाच विचारलेला आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे जाता जाता भरवशाकडे वळतात. ८८वे स्तोत्र वळत नाही. त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. ज्या लोकांनी हा संग्रह जपला, त्यांना तो शेवट गोड करण्यासाठी एखादी ओळ जोडणे अशक्य नव्हते, परंतु त्यांनी ती जोडली नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते स्तोत्र आहे तसेच म्हटले. मला स्वतःला कोणत्याही विजयगीतापेक्षा या एका गोष्टीने अधिक धीर दिला आहे.

यरुशलेमेच्या नाशावरच्या विलापगीत या ग्रंथाची रचनाही पाहण्यासारखी आहे. पाच अध्यायांपैकी पहिले चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने बांधलेले आहेत. नगर जळून गेलेले, मुले उपाशी, आणि कवी अक्षरे मोजत बसला आहे! मला वाटते, दुःख इतके अफाट असते की त्याला अक्षरांचा कठडा लागतो. देवाची दया दर सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वाक्य तिसऱ्या अध्यायात, म्हणजे ग्रंथाच्या साधारण मधोमध येते. त्यानंतर पुन्हा विलाप सुरू होतो. म्हणजे आशा मिळाली की दुःखाचा हिशेब मिटला, असे तो ग्रंथ मानतच नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की स्वतःचे शब्द शोधू नका. माझ्या वडिलांच्या मागे मी सात-आठ महिने फक्त ८८वे स्तोत्र मोठ्याने वाचत असे आणि ‘आमेन’ म्हणून उठत असे. त्याला प्रार्थना म्हणावे की नाही याची मला तेव्हा शंका होती. आता नाही.


तटस्थ

मी विश्वासी नाही, हे आधीच सांगतो, आणि धागाकर्तीच्या दुःखाचा मान राखूनच विचारतो. वरचा प्रतिसाद मला आवडला, परंतु त्यातून एक अडचण उभी राहते. देवाने उत्तर दिले तर ती त्याची कृपा, उत्तर दिले नाही तर त्यासाठीही स्तोत्र तयार आहे. मग असा कोणता अनुभव आहे ज्याने तुमची श्रद्धा चुकीची ठरू शकेल? माणसाला जगायला आधार लागतो, हे मला मान्य आहे. पण आधार मिळतो म्हणून तो खरा, असे होत नाही. एखाद्या दुःखी माणसाला ‘तुझा हेतू देवाने ठरवला आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘हेतू असा काही नसतो, तो आपणच हळूहळू उभा करायचा असतो’ असे सांगणे अधिक प्रामाणिक ठरणार नाही का?


मेंढवाडा

मी २२ वर्षे पाळकाचे (चर्चच्या धर्मगुरूचे) काम करतो आहे. तटस्थ यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देणे बरे नाही.

ख्रिस्ती श्रद्धा ज्याने चुकीची ठरेल अशी गोष्ट आहे, आणि ती पौलाने स्वतःच लिहून ठेवली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, आणि आम्ही सर्व माणसांत अधिक कींव करण्याजोगे आहोत. श्रद्धेने बरे वाटते, एवढे तिच्या समर्थनाला त्याला पुरत नाही. बरे वाटणे हा त्याच्या लेखी पुरावाच नाही. एका रविवारी कबर रिकामी होती की नव्हती, यावर तो सगळे पणाला लावतो. तुम्हाला ते पटणार नाही, हे मी समजू शकतो. पण आमचा दावा कुठे उभा आहे, तेवढे तरी स्पष्ट असावे.

आता उंबरठाताईंसाठी. माझ्या सेवेच्या तिसऱ्या वर्षी एका लहान मुलाच्या दफनविधीला मी उभा होतो. विधीनंतर त्यांच्या घरी गेलो आणि मुलाच्या वडिलांना म्हणालो की देवाच्या योजनेत याचाही काही अर्थ असेल. ते काही बोलले नाहीत. उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. कडी लागल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या रात्री मी ईयोबाचा ग्रंथ, म्हणजे निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाची कथा, पुन्हा काढला. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले, आणि तेवढेच त्यांचे बरोबर होते. तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची बाजू मांडली, न्याय समजावला, कारणे दिली. ४२व्या अध्यायात देव त्यांच्यातल्या अलीफजाला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाशी भांडणारा ईयोब बरोबर ठरतो आणि देवाची वकिली करणारे चूक ठरतात! आम्हा पाळकांना हा अध्याय दर महिन्याला वाचायला लावावा, असे माझे मत आहे.

हेतूच्या प्रश्नावर मला एलीया संदेष्टा आठवतो. पहिल्या राजे ग्रंथाच्या १९व्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो की आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. देवदूत येतो, त्याला हात लावतो आणि ऊठ, खा, एवढेच म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवलेली असते. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, तेव्हाही आधी खायलाच सांगतो, कारण पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. त्यानंतर ४० दिवसांची चाल, मग होरेब डोंगर, मग ती मंद वाणी, आणि तिथे कुठे नवे काम: अमुकाला अभिषेक कर, अलीशाला सोबत घे. शिवाय, तू एकटाच उरला आहेस असे जे तुला वाटते ते खरे नाही, अजून ७,००० जण आहेत. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही अडीच वर्षे अखंड जागलेल्या आहात. कदाचित तुम्ही अजून झुडपाखालच्या झोपेत असाल, आणि हेतूचा प्रश्न तुम्ही होरेबच्या फार आधी स्वतःला विचारता आहात.

अम्माऊसविषयीही थोडे. प्रभू त्या वाटेवर शास्त्र उलगडून सांगतो, त्यांची अंतःकरणे आतून पेटतात, तरी ते त्याला ओळखत नाहीत. ओळखतात ते जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. तुम्ही प्रभुभोजनाला जाता, एवढे मला सध्या पुष्कळ वाटते.


उंबरठा

मेंढवाडा, कडीचा आवाज तुम्ही लिहिलात, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आमच्याकडेही असे एक वाक्य बोलले गेले होते आणि मी दार लावून घेऊ शकले नव्हते, कारण खोलीभर माणसे होती आणि मला त्यांना चहा विचारायचा होता.

जुनी वही यांच्या सांगण्यावरून काल रात्री ८८वे स्तोत्र मोठ्याने वाचले. शेवटी सवयीने हात पुढचे पान उलटायला गेला, तो मी थांबवला.

तटस्थ, तुमचा राग आला नाही. हेतू स्वतः उभा करायचा, हे तुमचे म्हणणे मी सहा महिने करून पाहिले आहे: दोन वर्ग लावले, एक भाषा शिकायला घेतली, कपाटे आवरली. मी जे उभे करते ते मीच सोडून देऊ शकते, असे मला आढळले. कोणीतरी माझ्याकडे मागितलेले काम मात्र मला सोडता येत नाही. म्हणूनच हाक कुठून येते, हे मी विचारते आहे.


शिवण

माझा मुलगा गेला त्याला नऊ वर्षे झाली. तो १९ वर्षांचा होता. त्याविषयी याहून अधिक लिहीत नाही.

मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी मला तेव्हा काहीही समजावले नाही. दर शनिवारी संध्याकाळी त्या मला सोबत घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी आम्ही दोघी खुर्च्या मांडत असू. १२० खुर्च्या, दहाच्या बारा रांगा. पहिल्या चार महिन्यांत आम्ही मोजण्यापलीकडे काही बोललो नाही. त्यानंतर एका शनिवारी, सातव्या रांगेपाशी, मी एकदम खाली बसले आणि जे रडायचे राहिले होते ते रडले. त्या बाई शेजारच्या खुर्चीवर बसून राहिल्या, आणि माझे झाल्यावर म्हणाल्या, ‘आठवी रांग राहिली आहे.’ हे कोणाला कठोर वाटेल, पण मला आयुष्यात कोणी इतके हळुवार काही बोललेले नाही.

मला हेतू असा कधी सापडला नाही, मला आठवी रांग सापडली. दोन वर्षांनी आमच्यातल्याच एका कुटुंबात तसाच प्रसंग आला, तेव्हा पाळकांनी दुसऱ्या कोणाला नव्हे, मला फोन केला. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल लिहितो की देव आमच्या सर्व संकटांत आमचे सांत्वन करतो, ते अशासाठी की ज्या सांत्वनाने आमचे सांत्वन झाले त्याच सांत्वनाने आम्हाला इतरांचे करता यावे. त्याच अध्यायात चार-पाच वचनांच्या पुढे तो कबूल करतो की आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. म्हणजे पौलाचेही एक ‘होती’ होते.

आपल्या भाषेतल्या एका बाईंचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती गेले. १८८३मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे विधवांसाठी, दुष्काळग्रस्त मुलींसाठी त्यांनी काय उभे केले, ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपण गोष्ट बहुधा तिथेच संपवतो. १९२१मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते, तीही गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम वर्षभर जगल्या, आणि इब्री व ग्रीक भाषांतून मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचे हाती घेतलेले काम त्यांनी त्या दिवसांतही खाली ठेवले नाही. त्या काळात त्यांना कसे वाटत असेल, याचा अंदाज करण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणते की लेक गेल्यावरही त्यांच्यासमोर कुठलीतरी आठवी रांग होती.


कवडसा

मी समुपदेशक आहे आणि विश्वासीही आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला कर्तव्य वाटते. शोक आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात, आणि दुसरीवर उपचार असतात. झोप, भूक, कामातले लक्ष अनेक आठवडे पूर्णपणे गेले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. मरणाचे विचार पुन्हा पुन्हा येत असतील तर आजच, याच घटकेला, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे. यात विश्वासाची उणीव कोणीही शोधू नये. एलीयाला देवाने भाकर आणि झोप दिली, हे मेंढवाडा यांनी लिहिलेच आहे. शरीरातून येणारी मदत ही देवाची मदत नव्हे, असे शास्त्रात मला कुठेही आढळले नाही.

अठराव्या शतकातले इंग्रज कवी विल्यम कूपर यांचे उदाहरण मी अनेकदा देते. १७७९मध्ये त्यांचे पाळक मित्र जॉन न्यूटन यांच्यासोबत त्यांचा भक्तिगीतांचा संग्रह निघाला आणि ती गीते आजही जगभर गायली जातात. परंतु १७७३च्या तीव्र आजारानंतर देवाने आपल्याला टाकले आहे, अशी त्यांची जी समजूत झाली, ती १८००मध्ये मरेपर्यंत पुरती कधीच गेली नाही. इतरांना धीर देणारी गीते लिहिणारा माणूस स्वतः त्या धीराबाहेर राहिला, हे वाचून मी पहिल्यांदा हादरले होते. त्यांना सावरले ते न्यूटन यांच्यासारख्या मित्रांनी आणि ज्या घरात ते राहत होते तिथल्या माणसांनी, आणि काही अंशी तीन सशांनी! त्या आजारानंतर कोणीतरी दिलेले ससे त्यांनी पाळले, त्यांच्यासाठी स्वतः सुतारकाम करून खुराडी केली, बाग केली. रोज सकाळी कोणालातरी खायला घालायचे आहे, एवढा हेतू त्या माणसाला कित्येक वर्षे पुरला. आणि त्यांचा विश्वास खोटा होता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मदर तेरेसा यांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनीही कित्येक दशके देवाची जवळीक न जाणवता काम केले, हे जगाला कळले.

रिकाम्या जागेविषयी आणखी एक. नाझी राजवटीने कैदेत टाकलेले जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९४३च्या नाताळात तुरुंगातून लिहिलेल्या एका पत्रात म्हटले आहे की आपल्या प्रिय माणसाची जागा भरून काढील असे काही नसते आणि तसा प्रयत्नही करू नये. देव ती पोकळी भरतो असे म्हणणे चूक आहे. तो ती रिकामीच ठेवतो, आणि त्यामुळे वेदनेसह का होईना, ते नाते टिकून राहते. ताई, तुमच्या ९ वाजताच्या गजराविषयी वाचताना मला हे पत्र आठवले. गजर काढून टाकण्याची घाई मी तरी तुम्हाला करायला लावणार नाही.


तटस्थ

मी येथे वाद घालायला आलो होतो, हे मान्य करतो. पुनरुत्थानाविषयी माझे मत बदललेले नाही. मात्र मागितलेले काम सोडता येत नाही, हे उंबरठा यांचे वाक्य मी माझ्यापुरते बाजूला काढून ठेवले आहे, कारण त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही.


मधुमालती

शिवणताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी या शनिवारी आमच्या मंडळीत लवकर जाणार आहे. कोणाला काही विचारायचे नाही, असे ठरवले आहे.


उंबरठा

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

कवडसा यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडे जाऊन आले. झोपेसाठी औषध सुरू झाले आहे आणि दर पंधरवड्याला समुपदेशन. झोप लागू लागल्यापासून सकाळ थोडी कमी लांब वाटते.

दुसरे असे घडले की आमच्या मंडळीतल्या एक आजी आहेत, वय ८३, त्यांना आता अक्षर दिसत नाही. गेल्या महिन्यात उपासनेनंतर त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाल्या, ‘तू वाचतेस चांगले. मला फोनवर स्तोत्रे वाचून दाखवशील का?’ मी बरी आहे की नाही, हे त्यांनी विचारले नाही. माझ्या दुःखाची त्यांना आठवण तरी होती की नाही, देव जाणे. आता रोज दुपारी ४ वाजता मी त्यांना फोन लावते. पहिल्या दिवशी मी अर्थातच २३वे काढले, तर त्या मधेच म्हणाल्या की हे मला पाठ आहे, ज्याचा मला कंटाळा आलेला नाही असे काही वाच. मग मी भीत भीत ८८वे वाचले. वाचून झाल्यावर पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असे मला वाटले. नंतर आवाज आला, ‘हे कोणी कधी वाचून दाखवलेच नाही मला.’ आणि त्या त्यांच्या यजमानांविषयी बोलू लागल्या, जे ३१ वर्षांपूर्वी गेले.

मला हेतू सापडला, असे मी म्हणणार नाही. प्रार्थनाही अजून ‘स्वर्गीय पित्या’पाशीच अडते, फक्त आता तिथे अडून बसायला मला तितकी लाज वाटत नाही. ९ वाजताचा गजर तसाच वाजतो आणि मी तसाच बंद करते. पण ४ वाजायला दहा मिनिटे असताना मी चष्मा पुसून ठेवलेला असतो.

जुनी वही, तुम्हाला एक विचारायचे होते. आजींना उद्यासाठी म्हातारपणाविषयीचे काही हवे आहे, पण ‘उगीच गोड नको’ अशी त्यांची अट आहे. काय वाचू?


जुनी वही

७१वे वाचा. ते वय झालेल्या माणसाचे स्तोत्र आहे, आणि उगीच गोड अजिबात नाही. उतारवयात मला टाकू नकोस, माझी शक्ती सरत असताना मला सोडू नकोस, अशी ९व्या वचनात विनवणी आहे. १८व्या वचनात तोच माणूस केस पिकलेले असताना म्हणतो की पुढच्या पिढीला तुझे सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नकोस, म्हणजे अजून त्याचे काम उरले आहे. एकूण २४ वचने आहेत, सावकाश वाचल्यास चार-पाच मिनिटे लागतील. ९व्यापाशी थोडे थांबा, कदाचित आजींनाच तिथे काही बोलायचे असेल.